‘निजामकालीन’ म्हणजे नेमकी केव्हाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरच्या गंजगोलाईजवळची एक दुमजली इमारत गेल्या आठवड्यात पाडली गेली. तिची बातमी आपण छायाचित्रासह छापलीत याबद्दल आधी आभार मानतो. कारण अशा इमारती बहुधा रात्रीतून जातात, सकाळी तेथे पत्र्याचे कुंपण दिसते आणि तेवढीच त्यांची नोंद उरते. मात्र बातमीच्या शीर्षकात ‘दोनशे वर्षांपूर्वीची निजामकालीन वास्तू’ असे शब्द होते. त्यांपैकी ‘दोनशे वर्षे’ हे चुकीचे आहे आणि ‘निजामकालीन’ हे चुकीचे नसले तरी निरुपयोगी आहे. मी चाळीस वर्षे या शहरात दस्तलेखनाचे काम केले. माझे वडील त्याआधी कचेरीच्या आवारात अर्जनवीस म्हणून बसत. याच इमारतीचा मागोवा मी काही वर्षांपूर्वी केवळ हौसेने घेतला होता, म्हणून हे पत्र लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

आधी शब्दाविषयी. आसफजाही घराण्याची, म्हणजे हैदराबादच्या निजामांची, सत्ता दख्खनेत १७२४ साली पक्की झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. ही २२४ वर्षे होतात. एवढ्या अवधीत राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली, कचेऱ्यांतून फारसी जाऊन उर्दू आली, आगगाडी आली, लोखंडी गर्डर आले, सिमेंट आले, वीज आली. या सगळ्यांच्या आधी बांधलेली हवेली आणि या सगळ्यांच्या नंतर बांधलेले सरकीचे गोदाम या दोहोंना एकच विशेषण लावल्यावर वाचकाच्या हाती काय लागणार? त्यात पुन्हा निजामशाही आणि निजाम यांची गल्लत होते ती वेगळीच. अहमदनगरची निजामशाही १४९० ते १६३६ या काळातील. तिचा हैदराबादच्या गादीशी संबंध नाही. तरीही मलिक अंबराने १६१२ साली उभारलेला छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा ‘निजामाने बांधला’ असे सांगणारे मला भेटले आहेत. औसा आणि परंडा येथील किल्ले पुढे हैदराबादच्या राज्यात आले एवढेच, पण आमच्याकडे सहलीला आलेल्या मुलांना तेही निजामानेच बांधले असे सांगितले जाते. मराठवाड्यात जे जुने दिसते ते निजामाचे, अशी आपली एक सोयीची समजूत झाली आहे.

आता त्या इमारतीकडे वळतो. गंजगोलाई ही पेठच मुळी १९१७ साली आखली गेली. मध्यभागी जगदंबेचे देऊळ, भोवती वर्तुळाकार दुमजली बांधकाम आणि तेथून फुटणारे सोळा रस्ते, ही रचना लातूरकरांना सांगण्याची गरज नाही. पाडलेल्या इमारतीची दर्शनी भिंत सरळ नव्हती. ती त्यांपैकी एका रस्त्याच्या तोंडाला धरून तिरपी घेतलेली होती आणि त्यामुळे आतली पहिली खोली एका बाजूला अरुंद झाली होती. रस्ता आधी आणि इमारत नंतर, हे त्या तिरप्या भिंतीवरूनच उघड होते. जी पेठ १९१७ ची, तिच्या रस्त्याला खांदा लावून उभी असलेली इमारत १८२५ ची असणे शक्य नाही.

दुसरा पुरावा तळमजल्याच्या छताला होता. तेथे सागवानी तुळयांच्या जोडीला दोन लोखंडी गर्डर होते आणि त्यांतील एकावर चुन्याच्या थराखाली टाटांची मोहोर होती. टाटांच्या कारखान्यात पोलाद निघू लागले ते १९१२ साली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी लातूरपर्यंत आली ती १९११ साली. त्याआधी एवढे अवजड लोखंड बैलगाडीवर घालून कोणी लातुरास आणले असेल, असे मला वाटत नाही. जुन्या इमारतीचे वय विचारायचे झाल्यास मी प्रथम छताकडे पाहतो. मालक वय वाढवून सांगतो, भाडेकरू कमी करून सांगतो, तुळयांना तसे करण्याचे कारण नसते. अर्थात तुळयासुद्धा कधीकधी दुसऱ्या वाड्याच्या मोडीतून घेतलेल्या असतात, त्यामुळे एकट्या पुराव्यावर विसंबणे बरे नाही.

दारावरच्या दगडाविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे मी स्वतः चुकलो होतो. चौकटीच्या वरच्या दगडावर उर्दूत ‘तामीर’ (बांधकाम) हा शब्द आणि १३४१ हा आकडा कोरलेला होता. एका तरुण गृहस्थाने तो शके समजून इमारत १४१९ सालची ठरवली होती. ते हसण्यावारी नेता येईल. मी तो हिजरी समजलो. हिजरी १३४१ म्हणजे १९२२-२३. एका छोट्या सभेत मी तसे बोलूनही बसलो. पुढे पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघाले तेव्हा आकड्याच्या डाव्या बाजूस आणखी एक शब्द दिसू लागला, तो ‘अमरदाद’. अमरदाद हा हिजरी महिना नव्हे. आजूर, दै, बहमन, इस्फंदार या मालिकेतला तो फसली महिना आहे. हैदराबाद संस्थानाचे सरकारी वर्ष फसली होते, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून फसली आकड्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. अमरदाद १३४१ फसली म्हणजे सुमारे जून १९३२. एका महिन्याच्या नावाने इमारत दहा वर्षांनी तरुण झाली आणि मला त्या सभेतल्या मंडळींना भेटून चूक कबूल करावी लागली.

हे गणित अवघड नाही, पण ते माहीत नसल्याने मराठवाड्यातील शेकडो दगड चुकीचे वाचले जातात. एकाच गल्लीत मशिदीवर हिजरी, सरकारी इमारतीवर फसली, मराठी माणसाच्या वाड्यावर शके आणि मारवाडी पेढीवर विक्रम संवत असे चार कालगणनांचे आकडे सापडू शकतात. शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. हिजरीला मात्र कोष्टकच पाहावे लागते, कारण ते वर्ष चांद्र असल्याने साधारण ३५४ दिवसांचे असते आणि फरक दर वर्षी सरकत जातो. उर्दू आकड्यांतले सात आणि आठ एकमेकांची उलटी प्रतिमा असतात, तेवढे लक्षात ठेवावे. दगड उलटा बसवलेला असेल तर काय होईल हे सांगायला नको.

आता प्रश्न उरतो, ही इमारत बांधली कोणी आणि तिच्यात चालले काय. बहुतेक हौशी मंडळी येथे मिळकत पत्रिकेकडे धाव घेतात आणि निराश होतात. त्या पत्रिकेवर नगर भूमापनाच्या चौकशीच्या वेळी जो ताब्यात होता त्याचे नाव असते. बांधणाऱ्याचे असेलच असे नाही. या इमारतीचा मूळ बैनामा, म्हणजे खरेदीखत, मला आजतागायत पाहायला मिळालेला नाही. मिळाला तो पूर्वेकडच्या घराचा, १३४९ फसलीचा म्हणजे १९३९-४० चा. माझ्या धंद्यात जे शिकलो त्यातले सर्वांत उपयोगी हेच, की एखाद्या जागेची माहिती तिच्या कागदात नसली तरी शेजाऱ्याच्या कागदात असते. प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा लिहाव्याच लागतात. जुन्या उर्दू बैनाम्यात त्यांना ‘हदूद-ए-अरबा’ म्हणत आणि मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब अशा चार दिशांना कोण आहे ते नावानिशी लिहीत. त्या पूर्वेकडच्या घराच्या बैनाम्यात मगरिबेस, म्हणजे पश्चिमेस, ‘दुकान आडत’ असे शब्द आणि एका मारवाडी पेढीचे नाव होते. किंमत हाली १,४०० रुपये. हैदराबाद संस्थानाच्या हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी कलदार सहा, या हिशेबाने ते १,२०० कलदार होतात. जुने व्यवहार वाचताना हा फरक विसरला तर पेठेतल्या जागांचे भाव फुगलेले दिसतात.

त्या पेढीच्या वंशजांकडे गेलो. त्यांनी वह्या दाखवल्या, पण आधी चहा आणि मग पुष्कळ विचारपूस. संवत १९८८ च्या दिवाळीपासूनची एक रोकड वही त्यांच्याकडे होती, मुडिया या मारवाडी व्यापाऱ्यांच्या लिपीत. ती मला वाचता येत नाही. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आजींनी तीन पाने वाचून दाखवली. त्यांत गवंड्याला, चुन्याला आणि ‘लोखंड, रेल्वे भाडे’ यांना दिलेल्या रकमा होत्या. संवत १९८८ म्हणजे १९३१-३२. दगडावरचा फसली आणि वहीतला संवत एकमेकांना भेटले तेव्हा मला झालेला आनंद घरच्यांना समजावून सांगता आला नाही.

आडतीचे दुकान होते याची खूण इमारतीतही होती. पुढच्या खोलीच्या मधल्या तुळईला मोठी लोखंडी कडी होती. तिला काटा टांगत. मागच्या चौकात धान्य साठवण्याचे एक पेव होते, दगडी झाकणाचे, ते पुढे शौचालयाच्या बांधकामात गेले. हैदराबाद संस्थानाचा कृषी बाजारांचा कायदा १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० चा. त्या कायद्याखाली जेथे बाजार समित्या उभ्या राहिल्या तेथे आडत्ये, तोलार, हमाल यांच्या परवान्यांच्या नोंदी ठेवल्या जात. त्या नोंदवह्या आजच्या बाजार समित्यांच्या अडगळीत असल्यास त्यांची चौकशी व्हायला हवी. आमच्या मराठवाड्याचा खरा इतिहास किल्ल्यांपेक्षा मोंढ्यांत जास्त आहे असे माझे मत आहे, मग ते कोणाला पटो न पटो.

१९४८ चे साल कागदांत फार शांतपणे येते. त्याच्या आधीच्या वर्षभरात रझाकारांच्या भीतीने काही कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे निघून गेली होती. पोलीस कारवाईनंतर दुसऱ्या काही कुटुंबांवर तशीच वेळ आली. चतुःसीमा ओळीने वाचत गेल्यास काही नावे १३५७ फसलीपर्यंत दिसतात आणि पुढच्या दस्तात नाहीशी होतात. त्यांच्या जागी दुसरे नाव येते किंवा नुसते ‘पडीक जागा’ एवढेच. दस्तात कारण लिहिलेले नसते. माझे वडील अशा जागी बोट ठेवून थांबत आणि पुढची ओळ वाचत. मीही येथे त्याहून अधिक लिहीत नाही.

नंतरची माहिती भराभर सांगतो. आडतीचा धंदा पुढे मार्केट यार्डात गेला. त्या जागी कापडाचे दुकान आले, हे १९५४ च्या हैदराबाद घरभाडे कायद्याखालील एका दाव्याच्या कागदांवरून कळते. भाडेकरू आणि मालक भांडले की इतिहासाची चैन होते, कारण दोघेही शपथेवर बारीकसारीक सांगतात. किती खोल्या, कोणती खिडकी बंद केली, माडीवर कोण राहत होते, सारे त्यात येते. त्यानंतर सायकलींचे दुकान. तासावर सायकल भाड्याने मिळण्याचा तो काळ माझ्या लहानपणाचा, त्यामुळे त्यासाठी मला दस्त शोधावा लागला नाही. तेथूनच घेतलेल्या सायकलीवरून मी पडलो आणि त्याची खूण गुडघ्यावर आहे.

वरच्या मजल्याचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, मात्र धंद्यामुळे गेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माती-दगडाच्या घरांखाली हजारो माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर शहरातल्या लोकांनीही डोक्यावरच्या मातीची धास्ती घेतली. ज्यांच्या माळवदाला तडासुद्धा गेला नव्हता अशांनीही ती उतरवून पत्रे घातले. त्यांना दोष कसा द्यावा? आम्हीही आमच्या घराचे माळवद त्याच हिवाळ्यात उतरवले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जुनी घरे इतकी कमी का उरली याचे उत्तर शोधणाऱ्यांनी रस्तारुंदी आणि बिल्डर यांच्या आधी ही भीती मोजायला हवी. पुढे त्या पत्र्यांखालच्या खोल्यांत बाहेरगावची शिकायला आलेली मुले राहू लागली. ‘लातूर पॅटर्न’ने शहराला जे दिले ते दिलेच, शिवाय अनेक जुन्या माड्यांना आणखी वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य दिले; भाडे येत होते म्हणून त्या उभ्या राहिल्या.

तर आपण ज्या इमारतीला दोनशे वर्षांची म्हटलेत ती ९३-९४ वर्षांची होती. तेवढ्यात तिने आडत, कापड, सायकली आणि विद्यार्थी असे चार संसार पाहिले. कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक लहान नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. दोनशे म्हटले की वाचकाला वाटते, सरकारने हिचे रक्षण का केले नाही? खरी अडचण अशी, की मराठवाड्यातल्या पेठांचा मोठा भाग रेल्वे आल्यानंतरचा, १९०० ते १९५० मधला आहे. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड येथील जिनिंग, प्रेस, मोंढे, धर्मशाळा या मनमाडहून निघणाऱ्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेच्या आगेमागे आल्या. औरंगाबादची कापड गिरणी १८८९ ची, ती त्याच्याही थोडी आधीची. यांतली बहुतेक बांधकामे शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत आणि नेमकी याच वर्षांत पाडली जात आहेत. आकडा वाढवून लिहिल्याने त्यांचा मान वाढत नाही. उलट ज्याची खरी तारीख सांगता आली असती त्याची तारीख कायमची पुसली जाते, कारण दहा वर्षांनी कोणी लिहील तो आपल्या बातमीचाच आधार घेईल.

म्हणून माझी आपल्याकडे मागणी एवढीच, की आपल्या वार्ताहरांनी ‘निजामकालीन’ हा शब्द वर्ष ठाऊक असल्याशिवाय वापरू नये. ठाऊक नसल्यास ‘जुनी’ म्हणावे. त्यात कमीपणा नाही. महापालिकेकडे मागणी थोडी मोठी आहे. जुनी इमारत पाडण्याचा अर्ज येतो तेव्हा मालकाकडून कराची पावती आणि मालकीचे कागद घेतले जातातच. त्यांच्या जोडीला इमारतीची चार बाजूंची छायाचित्रे, दारावरच्या लेखाचे एक छायाचित्र आणि सर्वांत जुन्या दस्तातील चतुःसीमेचा उतारा घ्यावा व तो वेगळ्या धारिकेत ठेवावा. यात मालकाचे बांधकाम अडत नाही, कोणाची जागा आरक्षित होत नाही, खर्चही होत नाही. वारसा यादी करावी, समिती नेमावी असे मी म्हणत नाही. समित्यांचा अनुभव आपल्या सर्वांनाच आहे.

सर्वसामान्य वाचकालाही हे काम करता येते. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडील पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात. सूची १ माणसांच्या नावाने आणि सूची २ मिळकतीच्या वर्णनाने लावलेली असते. पण वाचणार कोण, हा खरा प्रश्न आहे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोधही त्याबरोबर करावा लागला. त्या निमित्ताने कितीतरी दप्तरे पहिल्यांदाच झटकली गेली. ती पुन्हा बांधून ठेवण्याआधी त्यांत पेठांचे, दुकानांचे, बाजारांचे काय आहे याची निदान यादी व्हावी.

शेवटी एक चौकशी. त्या १३४९ फसलीच्या बैनाम्यात घराच्या दक्षिणेकडील शेजाऱ्याचे नाव शाई पसरल्याने वाचता येत नाही. ‘यांचा तेलघाणा’ एवढेच लागते. गोलाईच्या त्या बाजूचा १३४० ते १३५७ फसली या काळातील एखादा बैनामा, किरायानामा किंवा तक्सीमनामा (वाटणीपत्र) वाचकांपैकी कोणाच्या घरी असेल, तर त्याची झेरॉक्स आपल्या कार्यालयाकडे पाठवावी. उर्दू मजकूर मी विनामूल्य वाचून देईन. दारावरचा दगड पाडापाडीच्या दिवशी मलब्याच्या ट्रॅक्टरमधून गेला. तो कोठे टाकला हे कंत्राटदाराच्या माणसांना आठवत नाही. दगड साधारण तीन फूट लांब, काळा, डाव्या कोपऱ्यावर फुटलेला आहे आणि त्यावर पांढरा व निळा असे दोन रंग आहेत. तो कोणाच्या पायरीला लागलेला दिसला, तर कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दस्तलेखक,
लातूर